चेहरा दिसते ना?

विमलबाईनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता एक वस्तू घेतली, आणि ती वस्तू म्हणजे काय, तर टॅब. साडी नाही, कुकर नाही, कानातलं नाही. टॅब. पंचावन्न वर्षांची चौथी शिकलेली बाई वरवट बकालहून काळीपिवळीत बसून शेगावला आली, स्टँडजवळच्या हर्षलच्या मोबाईलच्या दुकानात गेली, काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, सगळ्यात कमी भावाचा जो असेल तो दाखव.

हर्षल तसा सरळ माणूस. दुसरा असता तर गोड बोलून बाईच्या गळ्यात घालून मोकळा झाला असता. यानं खोकं उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. यात सिम बसत नाही, नेट दुसऱ्याच्या मोबाईलवरून घ्यावं लागेल. उन्हात धरला तर काही म्हणता काही दिसणार नाही. कॅमेरा आहे, पण नावाला. आवाज खरखर येईल आणि तुमचाही खरखरच जाईल. चार्ज व्हायला अख्खी दुपार खाईल. आणि एक काम चालू असताना दुसरं उघडलं की हँग झालाच म्हणून समजा, मग बाजूचं बटण दाबून धरायचं, बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. एवढं सांगून त्यानं टॅबच्या खोक्यावर थाप मारली.

"मावशी, गरीब जनावर हाये हे. याच्याकून लई आस ठेवू नका."

विमलबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चेहरा दिसते ना?"

"दिसते. पण साफ नाई दिसत."

"दिसते ना. मंग झालं."

आता चेहरा कोणाचा ते सांगायला पाहिजे. काजलचा. काजल म्हणजे विमलबाईची आणि पंजाबरावांची एकुलती एक पोरगी. चार वर्षांपूर्वी तिचं साक्षगंध झालं, धामणगाव बढ्याच्या एका तालेवार घरातल्या मुलाशी. गावजेवण झालं, अंगठी झाली, फोटो निघाले. आणि पंधरा दिवसांनी काजलनं ती अंगठी, ती साडी, सगळं एका पिशवीत भरून बापासमोर ठेवलं. तिला पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली होती, आणि धामणगाववाले म्हणत होते की लग्नानंतर नोकरी नाही. दुसरा पोरगा वगैरे काही नव्हतं हो. असता तर निदान पंजाबरावांना शिव्या द्यायला माणूस तरी मिळाला असता. तसं काहीच नव्हतं, पोरीला फक्त नोकरी करायची होती, आणि हे बापाला कोणत्याच हिशोबात बसवता येईना.

ती पिशवी घेऊन पंजाबरावांना स्वतः धामणगावला जावं लागलं. तिथं ओसरीवर त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. परत आले, दारातच उभे राहिले आणि पोरीला म्हणाले, "मी जिता हाये तवर या घरात पाय ठेवायचा नाई."

बाप रागात काहीबाही बोलतो, पोरीनं ते धरून बसायचं नसतं, असं आपण म्हणतो. पण काजल पंजाबरावांचीच पोरगी. तिनं ते अक्षर न अक्षर धरलं. गेली ती गेलीच, नंबरही बदलला, आणि गावातल्या कोणाशी बोलणं ठेवलं नाही. एक बेबीताई सोडून.

बेबीताई म्हणजे विमलबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. पंधरवड्यातून एकदा काजल तिला फोन करायची, आणि मग बेबीताई भिंतीवरून हाक मारायची की मिरच्या निवडायला या. विमलबाई हातातलं टाकून जायची. मोबाईल बेबीताईचा, काच तडकलेली, पोरीचा चेहरा पापडाच्या लाटीएवढा, आणि बेबीताई बाजूला उभी राहून कान देऊन ऐकणार. आईला पोरीशी असं काय मोठं बोलायचं असतं? जेवली का, झोप लागते का, अंगावर पांघरूण घेते का. पण तेवढंही तिसऱ्या माणसासमोर तोंडातून निघत नाही. चार वर्षं विमलबाईनं असं निभावलं. मग एक दिवस भाकरी थापता थापता तिच्या लक्षात आलं की काजलच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडं की उजवीकडं, ते आपल्याला आठवत नाही. तिनं खूप आठवून पाहिलं. भाकरी करपली, तीळ काही आठवला नाही. त्या दिवशी ती रडली, आणि पुढच्याच आठवड्यात शेगावला गेली.

घरी सांगितलं की कीर्तन ऐकायला घेतला. पंजाबरावांनी खोक्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि कोणत्या महाराजाचं कीर्तन एवढंच विचारलं. विमलबाईला ऐन वेळी एका महाराजाचं नाव सुचेल तर शपथ. पंजाबरावांनीही पुढं काही विचारलं नाही.

बेबीताईचं नेट भिंत ओलांडून न्हाणीपर्यंत यायचं, त्याच्या पुढं एक पाऊल नाही. म्हणून विमलबाई न्हाणीजवळच्या दगडावर बसून पोरीशी बोलायला लागली. हर्षलनं सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. काजलचा चेहरा मध्येच चौकोन चौकोन व्हायचा, मध्येच ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. पोरगी वाळली का टॅबच चेहरा लांबट दाखवतो, काही कळायचं नाही. विमलबाई म्हणायची की जवळ ये, अजून जवळ ये, आणि ती जवळ आली की सगळं धुरकट. तीळ काही दिसला नाही. एकदा तर न राहवून विमलबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, तर बोट नेमकं त्या लाल बटणावर पडलं आणि पोरगीच गेली. कितीतरी वेळ बाई त्या काळ्या काचेकडं पाहत बसली. पण तरी तिला या टॅबचा राग नाही आला. आपल्याला एवढं तरी कोणी दिलं, असंच तिला वाटायचं.

एका गोष्टीनं मात्र तिच्या काळजात चर्र झालं. काजल बोलता बोलता "मला" म्हणाली. मले नाही, मला. "आई, मला सुट्टी नाही." विमलबाईनं विचारलं की हे कधीपासून वं? काजल हसली. म्हणाली, सुरुवातीला लॅबमध्ये मले, तुले म्हटलं की सगळ्या हसायच्या, एक जण तर मुद्दाम म्हणायला लावायची. मग तिनं जीभ वळवून घेतली. आता आपोआपच तसं येतं. विमलबाई हो हो म्हणाली खरं, पण दिवसभर तिला वाटत राहिलं की आपण दुसऱ्याच कोणाच्या लेकीशी बोललो.

पुढं आणखी एक सोय झाली. काजल कामावर असली की फोन कानाला लावायला मनाई, आणि आईनं आवाज भरून पाठवला तर नुसती खरखर. म्हणून काजलनं तिला शिकवलं की अक्षरांच्या वर तो माईक आहे ना, तो दाब आणि बोल, टॅब आपोआप लिहितो. लिहायचा हो, पण कसं लिहायचा! हा टॅब पुण्याचं शिकून आलेला. विमलबाई म्हणायची, "तू काऊन जेवली नाई?" तर तो त्या 'का'चा कावळा करून लिहायचा, तू काऊ जेवली नाही. कधी "तुले"चं तुला करायचा, कधी तुळई. काजल ते वाचून पोट धरून हसायची आणि बरोबर समजून घ्यायची. विमलबाईला स्वतःला ते वाचता यायचं नाही असं नाही, पण अक्षर बारीक आणि चष्मा जुना. ती बोलायची, बाण दाबायची आणि मोकळी व्हायची.

असे तीन महिने गेले. मग एका संध्याकाळी बोलता बोलता वरून कसलीतरी जाहिरात आली, विमलबाईचं बोट तिच्यावर पडलं आणि टॅब हँग झाला. काजलचा चेहरा होता तसा थांबला. आणि नवल म्हणजे तो चेहरा साफ होता. चौकोन नाही, धूर नाही. काजल मान थोडी तिरपी करून काहीतरी ऐकत असलेली. तीळ उजवीकडं होता.

बटण दाबून धरायचं विमलबाईला माहीत होतं. तिनं नाही दाबलं. टॅब तसाच घरात आणला, धान्याच्या कोठीला टेकवून उभा केला आणि म्हशीची धार काढायला गेली. पंजाबराव शेतातून आज उशिरा येतील अशा हिशोबानं गेली होती. बादली घेऊन परत आली तर ते कोठीसमोर जमिनीवर बसलेले. चपला पायातच. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

विमलबाई दारातच थांबली. आता हे काय बोलतील, टॅब उचलून आपटतील का काय, असं तिच्या मनात आलं. पण ते नुसते पाहत बसले. एकदा त्यांनी बोट पुढं केलं आणि काचेला न लावताच मागं घेतलं. दूध तापवून झालं, दिवा लागला, तरी माणूस हलेना. शेवटी बॅटरी संपली आणि टॅब आपोआप काळा पडला.

"बंद पडलं," पंजाबराव म्हणाले.

विमलबाईनं सांगितलं की चार्ज संपला.

"चार्ज केल्यावर हेच दिसीन का?"

नाही, ती म्हणाली. ते हँग झालं होतं म्हणून राहिलं. पंजाबरावांनी मान हलवली, टोपी डोक्यावर ठेवली आणि हात धुवायला गेले. त्या रात्री ते अर्धीच भाकर जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवत, बायकोकडं न पाहता ते म्हणाले, "पोरीले बलाव."

विमलबाईला आधी खरंच वाटेना. तिनं विचारलं, मी बलावू का तुम्ही बोलता? तर म्हणाले, "तूच सांग. सांग का बाबा म्हणते म्हणून." एवढं बोलून माणूस शेताकडं निघून गेला. बोलताना त्यांचा आवाज फाटला होता, ते विमलबाईच्या कानातून सुटलं नाही.

ती न्हाणीकडं धावली. नेट नाही. बेबीताईच्या दारात गेली, तर बेबीताई पिशवी भरून माहेरी निघालेली. माहेर सातपुड्याच्या पायथ्याला, जिथं रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते. ऑटो दारात उभा, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. विमलबाई म्हणाली, दोन मिनिटं नेट दे वं बाई, फक्त दोन मिनिटं. बेबीताईनं दिलं. काजलला फोन लावला तर ती कामावर, उचलेना. मग विमलबाईनं भर उन्हात ओट्यावर उभं राहून माईक दाबला आणि धापा टाकत बोलली:

"काजल, बाबा मले म्हणते, पोरीले बलाव. घरी ये लवकर."

काचेवर तिला उन्हात स्वतःचंच तोंड दिसत होतं. अक्षरं काही दिसली नाहीत. तिनं बाण दाबला, टॅब ढिम्म. पुन्हा बोलली, पुन्हा दाबला. मग एकदम दोन्ही गेले. बेबीताई ऑटोत बसली आणि तिच्यासोबत नेटही गेलं.

टॅबनं काय लिहिलं ते ऐका. त्यानं लिहिलं, "काजल बाबा मेले म्हणते पोरीला बोलाव घरी ये लवकर." दोनदा.

बिचाऱ्याची चूक तरी काय म्हणावी? मले हा शब्द त्याला कोणी शिकवलाच नव्हता. त्याच्याजवळ जो होता तो त्यानं ठेवला.

इकडं विमलबाईनं घर सारवायचं तेवढं ठेवलं, बाकी सगळं केलं. गाद्या उन्हात टाकल्या, काजलला आवडतात म्हणून डब्यातल्या ज्वारीच्या बिबड्या काढून ठेवल्या, वांगी आणली. संध्याकाळी पंजाबराव शेतातून आले ते करवादूनच. आज त्यांच्या बटणवाल्या मोबाईलवर एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन येत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना असाच एक फोन आला होता, खातं बंद होईल म्हणून, आणि तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता की माहीत नसलेला नंबर उचलायचा नाही. नऊ वेळा आला, नऊ वेळा त्यांनी कापला. शेवटी मोबाईलच बंद करून टाकला. "फ्रॉडवाले लई मागं लागले आज," असं म्हणाले आणि मग जरा थांबून विचारलं, पोरीचं काही उत्तर आलं का? विमलबाई म्हणाली की नेट नाही, पण सांगून दिलं. तुमच्या नावानं सांगून दिलं.

येईल का ती? दोघांच्याही मनात तेच, आणि दोघंही ते बोलत नव्हते. बाप एकदा नाही म्हणाला म्हणून चार वर्षं न आलेली पोरगी बाप एकदा ये म्हणाला म्हणून येईल, असं कशावरून? विमलबाईला तर वाटायला लागलं की आपण उगाच बिबड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पंजाबराव घरातच होते. शेतात गेले नाहीत. काही कारण सांगितलं नाही, पण खुंटीला आरसा लावून दाढी करायला बसले. एका गालावर साबण लावून झाला होता, दुसऱ्याला लावत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून आवाज आला.

आपल्याकडं मयतीला येणारी बाई घरात येऊन रडत नाही. ती गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते, म्हणजे घरातल्यांना कळतं की आपलं माणूस आलं. तो हेल एकदा कानावर पडला की हातातलं काम आपोआप थांबतं. पंजाबरावांचा ब्रश थांबला. कोणाचं काय झालं म्हणून विमलबाई कान देऊन ऐकायला लागली, आणि तिला तो आवाज ओळखू आला.

"बाबा वोऽऽ... माह्या बाबा वोऽऽ..."

समोरच्या सरस्वतीबाईंनी आपल्या ओट्यावरून लगेच साथ धरली. कोण गेलं हे त्यांना काडीचं माहीत नव्हतं. रडणारी दिसली की आपणही रडायचं, विचारायचं नंतर, अशी त्यांची जन्माची रीत.

"मले एकडाव बलावलं असतं वोऽऽ बाबा... मी रोज वाट पाह्यली वोऽऽ... मले तोंड न दाखवता काऊन गेले वो बाबाऽऽ..."

मले. पोरगी मले म्हणत होती. विमलबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण हिला आपला बाप गेला असं वाटतंय एवढं कळलं, आणि ती दाराकडं धावली. तिचं मनगट मागून कोणीतरी धरलं.

"थांब," पंजाबराव म्हणाले. "आयकू दे."

अर्ध्या तोंडाला साबण, डोळे मिटलेले, आणि बायकोचं मनगट घट्ट धरलेलं. तो माणूस आपल्या पोरीचं रडणं ऐकत होता. आपण मेल्यावर ही काय म्हणेल हे कोणत्या बापाला जिवंतपणी ऐकायला मिळतं? चार वर्षं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं की या पोरीला आपलं काही नाही. ती गल्लीतून येत होती आणि एकेक सांगत होती. मी तुमचा फोटो खोलीत लावला वो बाबा. मी पहिल्या पगाराचं धोतर घेऊन ठेवलं वो बाबा, ते कोणाले देऊ. साबण वाळत होता, त्याच्यावरून पाणी ओघळत होतं. विमलबाईला मनगट दुखत होतं, पण तिनं ते सोडवून घेतलं नाही.

काजल दारात आली ती ओढणीत तोंड खुपसून, वाकून. एक पाय आत टाकला आणि आईच्या गळ्यात पडली. आणि आईच्या खांद्यावरून तिला बाप दिसला.

रडणं मध्येच थांबलं. नुसता श्वास राहिला.

"बाबा?"

"हाव," पंजाबराव म्हणाले.

काजलनं आईला सोडलं. बापाकडं पाहत पाहत ती एक पाऊल मागं गेली, आणि जो पाय उंबऱ्याच्या आत होता तो तिनं बाहेर घेतला. बाप जिवंत आहे म्हटल्यावर तिला आत यायचा हक्क नव्हता. तशी ती पोरगी पक्की. एवढी पोटाशी आलेली लेक दोन हातांवर उभी, आणि मध्ये हा उंबरा.

मग ओट्यावर सगळा गोंधळ. सरस्वतीबाई पंजाबरावांना पाहून भूत पाहिल्यासारख्या गप्प झाल्या. काजलनं मोबाईल काढून आईसमोर धरला. विमलबाईनं चष्मा लावला, एकेक अक्षर जुळवत वाचलं. ती म्हणाली की मी असं नाही बोलली वं, मी म्हटलं बाबा मले म्हणते. मले म्हणते, पोरीले बलाव. यानं मेले लिहिलं माय, यानं मेले लिहिलं.

काजलनं ते पुन्हा वाचलं. मग तिचे ओठ हलले, मनातल्या मनात तिनं ते वाक्य आपल्या गावच्या बोलीत म्हणून पाहिलं असावं. "मले," ती म्हणाली. "आई, मले समजाले पाह्यजे होतं. तुहे सगळे मेसेज समजतात मले. हे एवढंच नाई वाचता आलं." आणि आता ती जी रडली ती खरी रडली, बिनआवाजाची. तिला कशाचं जास्त लागलं असेल, बाप मेल्याच्या बातमीचं, का आईचा शब्द आपल्याला वाचता आला नाही याचं, ते तिचं तिलाच माहीत.

पंजाबराव दाराच्या आतल्या बाजूला येऊन उभे होते. त्यांनी मुद्दाम काही म्हटलं असतं, ये म्हटलं असतं, तर सगळं तिथंच संपलं असतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडातून येईना. चार वर्षं घशात अडकलेला शब्द एका सकाळी कसा निघेल? एकदा चहाच्या बशीसमोर निघाला तोही बायकोच्या तोंडून पाठवायचा म्हणून. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंडावरचा साबण पुसला. अर्धा पुसला, अर्धा राहिला.

"सुट्टी किती दिवसाची हाये?" त्यांनी विचारलं.

काजलनं मान वर केली नाही. तिनं सांगितलं की वडील गेले म्हणून रडत रडत साहेबांकडं गेली, तर साहेब म्हणाले, जा, सगळं करूनच ये.

"सगळं म्हणजे किती?"

"तेरा दिवस."

पंजाबराव खाली बघत राहिले. विमलबाईला वाटलं की आता हे रागावतील, बाप जिता असताना मेला सांगून सुट्टी घेतली म्हणून.

"मंग तेरवी होऊ दे माही," पंजाबराव म्हणाले. "मंग जा."

काजलनं त्यांच्याकडं पाहिलं. मग तिनं दाराबाहेर चपला काढल्या.